येरवड्याची सकाळ

पुण्यात वनाजला मेट्रोत बसले, तेव्हा फोनवर ऑफिसचे निरोप एकामागून एक येतच होते. गेले कित्येक महिने सकाळची पूजा मी घड्याळाकडे बघत उरकते आहे. दिवा लावायचा, हात जोडायचे, पर्स उचलायची. देवापुढेही 'उरकणं'च चाललंय, हे मनाला लागलं आणि सुट्टी बघून येरवड्याची वाट धरली.

बंडगार्डननंतर गाडी मुळा-मुठा ओलांडून येरवड्यात आली. उतरल्यावर रिक्षावाल्या दादांना म्हटलं, "आधी जेलरोडने घ्या, मग आगाखान पॅलेस." तुरुंगाची भिंत बाहेरूनच पाहिली. १९३० साली गांधीजी त्या भिंतीआड होते. दर मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर ते आश्रमवासीयांसाठी एकेका व्रतावर लिहीत. 'मंगल प्रभात' हे पुस्तक त्यातूनच झालं. पत्रावर ठिकाण घालत 'येरवडा मंदिर'. कैदेच्या जागेला मंदिर म्हणायचं, तर मनात प्रार्थना किती मुरलेली असावी लागते!

नगर रोडवर वाहनांची रीघ होती. पॅलेसच्या फाटकातून आत गेले आणि झाडांच्या सावलीत पाय आपोआप सावकाश पडू लागले. १८९२ साली बांधलेल्या या वास्तूत ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ गांधीजी स्थानबद्ध होते. आल्यावर आठवडाभरातच, १५ ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. त्या दिवशी महाशिवरात्र होती. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला शेजारी शेजारी आहेत. महादेवभाई गेल्यावर गांधीजी रोज त्या जागी जाऊन फुलं वाहत, तिथे गीतेचा बारावा अध्याय म्हटला जाई. एवढी मोठी चळवळ शिरावर, त्यात घरच्यासारखा माणूस गेलेला. तरी ती वेळ चुकली नाही. दुःखातून सावरल्यावर प्रार्थना करू, असं त्यांनी म्हटलं नाही. प्रार्थनेनेच सावरले असावेत.

फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि समाध्यांसमोर बसले. पहिली काही मिनिटं मनात कामांची यादीच चालली होती. एक वाळकं पान संगमरवरावर येऊन पडलं, वाऱ्याने थोडं सरकलं, थांबलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. मग आजीने शिकवलेला रामरक्षेचा पहिला श्लोक पुटपुटले, आणि कितीतरी दिवसांनी शेवटच्या श्लोकापर्यंत, एकही ओळ न गाळता, पोचले.