मंडळी शोधणे आहे

तर मंडळी, मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी सकाळी एका जुन्या मित्राचा फोन. "बायोडेटाचा एखादा चांगला फॉरमॅट आहे का रे तुझ्याकडे?"

म्हटलं, आला एकदाचा ताळ्यावर! चार वर्षांपूर्वी हा पठ्ठ्या टीम लीडची चांगली चाललेली नोकरी सोडून पाळक व्हायला गेला होता. पाळक म्हणजे चर्चचा पास्टर. तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला यथेच्छ शहाणपण शिकवून घेतलं होतं, अस्मादिक सर्वांत पुढे.

"कुठली कंपनी?"

"कंपनी नाही रे. मंडळी."

मराठी ख्रिस्ती लोक चर्चमधल्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. म्हणजे मी मघाशी तुम्हाला हाक मारली, तोच शब्द. तर साहेब बी.डी. होऊन आले होते आणि आता मंडळी शोधत होते. (बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. डिग्री श्रीरामपूरची, पण नगर जिल्ह्यातल्या नव्हे, बंगालमधल्या. तिथलं कॉलेज १८१८ साली विल्यम कॅरी आणि मंडळींनी काढलं. याच कॅरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं होतं. हे ऐकून मी गप्प बसलो.)

मला वाटायचं, पाळकाची सरकारी नोकरीसारखी बदली होत असेल. काही ठिकाणी होतेही. उत्तर भारतातले सहा चर्चपंथ १९७० साली नागपूरला एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. तिथे बिशप ठरवतात, कोण कुठे जाणार ते. पण स्वतंत्र मंडळ्यांचं तसं नाही. तिथे पंच बोलावतात, रविवारी प्रवचन करायला लावतात, मग चहा-बिस्किटांवर इंटरव्ह्यू. याला यातच जायचं होतं.

बायोडेटा बघितला. एका ओळीत लिहिलं होतं : 'प्रशिक्षणकाळात केलेले अंत्यविधी - ७'.

"हे काढ रे, निगेटिव्ह वाटतं."

"तेच तर आधी वाचतात," तो म्हणाला.

दोन ठिकाणची बोलावणी होती. मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली. पगार, घर, मुलीची शाळा, वहिनींची नोकरी, प्रत्येकाला वेटेज. शीटच्या मते उत्तर सरळ होतं : शहरातली मंडळी. टू बीएचके, इंग्रजी-मराठी दोन उपासना, बऱ्यापैकी मानधन.

तिथला इंटरव्ह्यू झकास चालला होता म्हणे. मग एका पंचांनी विचारलं, "मिसेस संडे स्कूल आणि महिला मंडळ बघतील ना?" वहिनी नर्स आहेत. गेली चार वर्षं घर त्यांच्या पगारावर चाललंय. त्या म्हणाल्या, "मला रविवारीही ड्युटी असते. जमेल तेव्हा येईन." सगळ्यांनी चहाच्या कपात बघितलं. एका पगारात दोन माणसं हवी होती, हे माझ्या शीटमध्ये कुठल्याच कॉलममध्ये नव्हतं.

दुसरं बोलावणं नेवाशाकडच्या एका खेड्यातून. तीसेक घरं. गाडी माझी होती, म्हणून मीही गेलो. वाटेत नगर लागलं (आता अहिल्यानगर, पण जीभ वळत नाही) आणि ना. वा. टिळकांचा विषय निघाला. १८९५ साली बाप्तिस्मा, मग नगरला मिशनचं काम, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. मित्र अगदी रंगात येऊन सांगत होता. मागच्या सीटवरून वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आणि त्याची किंमत कोणी दिली ते 'स्मृतिचित्रे'त आहे. लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय म्हणून कळलं तरी." पुढचे पाच-सहा किलोमीटर गाडीत फक्त एसीचा आवाज.

प्रवचन चांगलं झालं, थोडं लांबलं. पंचांनी प्रांजळपणे सांगितलं : मानधन वर्गणीतून, हंगामाच्या सणाला धान्य-कोंबड्यांचा लिलाव होतो त्यातून थोडी भर. पाळकाचं घर आहे, पत्रे गळतात, बदलून देऊ.

निघताना ओट्यावर बसलेल्या एका आजींनी त्याला थांबवलं. "सलाम पाळकसाहेब. किती दिस राहनार तुमी?"

तो गडबडला. आजी म्हणाल्या, "मागचे दोघं वरीस-वरीस राहून गेले. माजी माती कोन करनार, ते मला ठरवून ठिवायचंय."

माती म्हणजे अंत्यविधी. बायोडेटातली ती ओळ मी काढायला सांगितली होती!

खरं सांगतो, तिथे मला स्वतःचीच लाज वाटली. मागच्या इंटरव्ह्यूत मला हाच प्रश्न विचारला होता आणि मी हसत 'लाँग टर्म' असं ठोकून दिलं होतं. तेव्हा खिशात आणखी दोन ऑफर होत्या. आमच्या धंद्यात हे चालतं, समोरच्यालाही ते माहीत असतं. आजींना मात्र उत्तर खरंच हवं होतं.

मित्राने वहिनींकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी त्याने त्यांना न विचारताच राजीनामा टाकला होता, हे मला त्या दिवशी परतताना कळलं. या वेळी त्याने विचारलं, आजींच्या समोरच. वहिनी म्हणाल्या, "नगरला नोकरी मिळाली तर तीन वर्षं नक्की. पुढचं तेव्हा ठरवू."

"तीन वर्षं," तो आजींना म्हणाला. "त्याच्या पुढचं खोटं नाही सांगत."

आजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. "बगू," म्हणाल्या, "माज्याकडनं जमतंय का."

काल पंचांचा फोन आला : या. वहिनींचा नगरच्या एका हॉस्पिटलात पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे. तो झाल्याशिवाय होकार कळवायचा नाही, असं दोघांनी ठरवलंय. मित्राची झोप उडालीये. मला मात्र पहिल्यांदाच त्याची काळजी वाटत नाहीये.

असो. पत्रे बदलले का, तेवढं विचारायला सांगितलंय.