कुठलं मेकॅनिक्स अवघड?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धनकडच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बाकी सगळं निघालं, मेकॅनिक्स राहिलं." आजीला वाटतं नातू गॅरेजच्या कामात नापास झाला. बापाला एवढंच कळतं, की केटी लागली आणि परत परीक्षेची फी भरायची आहे.

बातमीच्या निमित्ताने पोरांशी, मास्तरांशी बोलणं होतं तेव्हा मी एक प्रश्न नेहमी विचारतो. मेकॅनिक्स नावाचे तीन-चार विषय तुमच्या मानगुटीवर बसतात, त्यातला सगळ्यात अवघड कुठला? शेवटच्या वर्षातली मुलं बहुतेक वेळा फ्लुइड मेकॅनिक्स म्हणतात. सिव्हिलवाले स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स म्हणतात, मेकॅनिकलवाले थिअरी ऑफ मशीन्स. पहिल्या वर्षाचं साधं इंजिनीअरिंग मेकॅनिक्स अवघड असं सीनियर सहसा म्हणत नाहीत. "ते काय सर, अकरावीचंच फिजिक्स." पण घरी परत आलेली पोरं बघितली, तर त्यातली बरीच ह्याच 'अकरावीच्या फिजिक्स'ला अडकलेली असतात.

गणित म्हणून बघाल तर सीनियर बरोबर आहेत. पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये बेरीज-वजाबाकी, साइन-कोसाइन आणि थोडं कॅल्क्युलस. खरी अडचण गणिताच्या आधी येते. भिंतीला शिडी टेकवली आहे, वर माणूस चढतोय, शिडी कधी घसरेल? इथे आधी शिडीला जगापासून सोडवून एकटी काढायची. भिंत पुसली की तिच्या जागी एक बल, जमीन पुसली की दोन बलं, माणूस पुसला की त्याचं वजन. ह्याला म्हणतात फ्री बॉडी डायग्राम. तो बरोबर आला की गणित दहा मिनिटांचं. चुकला की तीन पानं लिहूनही हाती काही नाही.

आता हे पोरगं आलंय कुठून? एमएचटी-सीईटीतून. 200 गुण, 3 तास, समोर चार पर्याय, चुकलं तर गुण कापत नाहीत. दोन वर्षं क्लासने त्याला उत्तर निवडायला शिकवलं. इथे पर्यायच नाहीत. कुठली वस्तू सुटी काढायची, कुठल्या बिंदूभोवती मोमेंट घ्यायचा, सगळं स्वतः ठरवायचं. त्यात प्रवेशाच्या कॅप फेऱ्या रेंगाळतात. शेवटच्या फेरीत आलेला मुलगा वर्गात बसतो तेव्हा दोन प्रकरणं होऊन गेलेली असतात. आणि भाषा! दहावीपर्यंत ज्याला बल, घर्षण, संवेग हे शब्द ओळखीचे, त्याच्यापुढे 'इम्पेंडिंग मोशन' येतं. घसरण्याच्या बेतात, एवढंच. पण हे मराठीत सांगायला कुणी नसतं.

कोळीवाड्यातल्या एका मुलाचं उदाहरण देतो, नाव नको. होडी धक्क्याला लावताना दोराचे खुंटाला दोन वेढे मारायचे आणि टोक एका हाताने धरायचं, हे तो दहाव्या वर्षापासून करतोय. पुस्तकात हेच 'बेल्ट फ्रिक्शन'. घर्षणांक 0.3 धरला तर एका वेढ्याला ओढ साधारण साडेसहा पट कमी होते, दोन वेढ्यांना 43 पट, तीन वेढ्यांना 286 पट. म्हणजे पलीकडे 1000 किलोची ओढ असेल तर दोन वेढ्यांनंतर हाताला 23 किलो आणि तीन वेढ्यांनंतर साडेतीन किलो. ह्याच प्रकरणातला प्रश्न त्याने परीक्षेत सोडून दिला. तो खुंटाचा हिशेब आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला वस्तूच्या आत शिरावं लागतं. तुळई कुठे वाकते, कुठे कापली जाते, हे डोळ्याला दिसत नाही, आकृती काढूनच कळतं. विषय जड आहे, पण फ्री बॉडी जमलेल्याला पुढची वाट सापडते. थिअरी ऑफ मशीन्समध्ये कागदावरचं यंत्र हलताना डोळ्यांपुढे आणावं लागतं. हल्ली मोबाइलवर ते फुकट हलताना दिसतं, त्यामुळे त्याचा बाऊ निदान थोडा कमी व्हायला हवा.

फ्लुइडची गोष्ट मात्र वेगळी, तिथे सीनियरचं मलाही पटतं. आतापर्यंत एका वस्तूच्या मागे जायची सवय असते. पाण्यात ते चालत नाही. मांडव्याच्या जेट्टीवर उभं राहून एका खांबाजवळून जाणारं पाणी बघायचं. दर क्षणाला पाणी नवं, जागा तीच. विचाराची ही उलटापालट चांगल्या चांगल्यांना जड जाते.

डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांचं अजून निराळं. अप्लाइड मेकॅनिक्स त्यांनी हाताने घोटलेलं असतं, आकृत्या सुरेख काढतात, आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात लाप्लासला आपटतात.

हे सगळं लिहायचं कारण असं. केट्या साठल्या की वायडी. वर्ष गेलं की शिष्यवृत्ती अडकते, रूमचं भाडं मात्र चालू राहतं. 2024 मध्ये सरकारने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. चांगलंच केलं. पण वाया गेलेलं वर्ष माफ होत नाही, आणि मुलीच्या बाबतीत तर घरात लगेच स्थळांचा विषय निघतो.

लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. एआयसीटीईने 2021 मध्ये मराठीतून इंजिनीअरिंगला परवानगी दिली. अख्खी पदवी मराठीतून करा असं मी म्हणत नाही, नोकरीच्या मुलाखती इंग्रजीत होतात हे मलाही कळतं. पण पहिले सहा आठवडे फ्री बॉडी डायग्राम मराठीत समजावायला कुठला जीआर लागतो? आणि उशिरा आलेल्यांसाठी ती दोन प्रकरणं परत घ्यायला?

कुरूळच्या आरसीएफ कॉलनीत, डोलवीच्या परिसरात इंजिनीअरांची काय कमी आहे? निवृत्त झालेलेही खूप आहेत. रविवारी सकाळी दोन तास, एक फळा, दहा-पंधरा पोरं, एवढंच हवंय. कुणी शिकवायला तयार असेल तर कमेंटमध्ये गाव आणि सोयीची वेळ लिहा. जागेचं मी बघतो.