पडवीकडील खोली

रत्नागिरीस पाहुणा आला म्हणजे आम्ही त्यास थिबा राजवाडा दाखवावयास नेतो. ब्रह्मदेशाच्या ह्या राजास इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले, पुढल्या वर्षी येथे आणून ठेविले, आणि १९१६ साली येथेच त्याचा अंत झाला. मायदेशास अंतरलेल्या त्या राजाची हकीकत सांगताना आमचा कंठ हटकून दाटून येई. त्यावरून आपले अंतःकरण फार कोमल आहे, असा आमचा समज होता.

गेल्या उन्हाळ्यात तो समज गेला. आमच्या पडवीकडील खोली रिकामी होती. ती भाड्याने मागावयास एक तृतीयपंथी स्त्री आली. घरच्यांनी तिला मुलगा मानिले. ती स्वतःस मुलगी समजे. एवढ्यावरून तिचे घर सुटले, पाठोपाठ गावही सुटला. शिवणकामावर ती निर्वाह करी. कागदपत्रे चोख होती. भाडे आगाऊ देण्यास ती तयार होती. “काका, माझा कोणास त्रास होणार नाही,” ती म्हणाली. आम्ही उत्तर दिले, “खोली पुतण्यासाठी राखून ठेविली आहे.”

आम्हांस पुतण्या नाही.

परक्या देशाच्या दारी आश्रय मागणाऱ्यास आपल्या जिवाचे भय खरे असल्याचे पटवून द्यावे लागते. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने तेवढी तरी वाट ठेविली, आणि तिच्या आधारे काही देशांत तृतीयपंथी माणसांस आसराही मिळाला. परंतु जो आपल्याच मुलखात निर्वासित झाला, त्याने अर्ज कोणाकडे करावा? त्याचा निकाल आमच्यासारख्यांच्या पडवीतच लागावयाचा!

पुण्याचे घर सोडून मुंबईस गेलेल्या गौरी सावंत ह्यांनी २००० साली ‘सखी चार चौघी’ ही संस्था उभारिली, आणि पुढे एका पोरक्या मुलीस पदराखाली घेऊन त्या तिच्या आई झाल्या. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. त्यासाठी झगडणाऱ्यांत त्याही होत्या. २०१९ च्या कायद्यात तर अशा व्यक्तीचा आईबापांच्या घरी राहण्याचा हक्कच लिहिला गेला. हे सारे आम्ही वर्तमानपत्रांत वाचिले होते, त्यावर मित्रमंडळींत समाधानही व्यक्त केले होते. पुतण्याची सबब सुचण्यास त्याचा काडीमात्र अडथळा झाला नाही.

खोली पावसाळाभर रिकामीच राहिली. भिंतींस ओल आली. मासळी विकणाऱ्या एका बाईने तिला आपल्या घरी जागा दिल्याचे कानी आले. दिवाळीपूर्वी आमच्या घरच्या मंडळींनी पोलकी तिच्याकडेच शिवावयास टाकिली, आणि ती आणण्याचे काम आमच्याकडे आले. तिने आम्हांस तत्काळ ओळखिले. बसावयास खुर्ची दिली, चहा ठेविला, आणि अगदी सरळपणाने विचारिले, “काका, पुतण्या आला का?”

आम्ही चहा पिऊन, पोलकी घेऊन, मान खाली घालून परतलो. राजवाडा दाखविण्याचा प्रघात अजून चालू आहे. थिबाच्या वनवासावर डोळे पुसणे मात्र आम्ही सोडिले आहे.