हुंदरचे उंट आणि आईची शाल

लडाखच्या नुब्रा खोऱ्यात हुंदर नावाचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंची, सभोवार बर्फाळ शिखरे, खाली वाळूच्या टेकड्या आणि त्या वाळूत फिरणारे दोन वशिंडांचे उंट. मध्य आशियाशी व्यापार चालत असे, तेव्हा तांड्यांबरोबर त्यांचे पूर्वज येथे आले.

जूनच्या आरंभी मी तेथे गेलो, तेव्हा उंटांच्या अंगावरून लोकरीची लक्तरे लोंबत होती. मला प्रथम त्वचारोगाचीच शंका आली. उंटवाला हसून म्हणाला, "थंडी संपली, डॉक्टरसाहेब. आता कोट उतरवताहेत."

हा कोट दुहेरी असतो: वर राठ केस, आत मऊ लोकर. लोकर उष्णता निर्माण करीत नाही; तिच्यात अडकलेली स्थिर हवा शरीराचीच ऊब राखते. हेच आवरण उन्हालाही अडवते. सहारात एका वशिंडाच्या उंटांवर प्रयोग झाला, तेव्हा केस कातरलेल्या उंटाला घामावाटे सुमारे दीडपट पाणी गमवावे लागले.

थंडीत आपल्या अंगावर काटा येतो, तो केस फुलवण्याचाच प्रयत्न; पण फुलवायला लोकर उरलेली नाही. आपला कोट कपड्यांचा, आणि तो केव्हा चढवावा हे थंडीची जाणीव सांगते. वार्धक्यात ती जाणीवच मंदावते. हुडहुडीही कमी भरते.

हे ठाऊक असूनही एका डिसेंबरात मी चुकलो. आई म्हणाली, "मला नाही रे थंडी वाजत," आणि मी शाल घडी करून ठेवली. पहाटे तिचे पोट हाताला गार लागले, बोलणे अडखळत होते. तापमापकाचा पारा ३५ अंशांपुढे सरकेना. रुग्णालयात वेळेवर उपचार मिळाले, म्हणून ती सावरली.

आपल्या घरातील ज्येष्ठांना एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ, सैल कपडे एकावर एक घाला. मधली हवाच ऊब धरते. डोके व पावले झाका. ओला कपडा त्वरित बदला. मधुमेह असल्यास गरम पाण्याची पिशवी थेट त्वचेवर ठेवू नका. उन्हाळ्यात सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे द्या. अंग गार, गुंगी वा असंबद्ध बोलणे दिसल्यास रुग्णालय गाठा.

आणि थंडीच्या रात्री "थंडी वाजते का?" एवढे विचारून थांबू नका. पांघरुणाखाली हात घालून पोट, पाठ चाचपून पाहा.