नौरू : मुद्दल विकणारे बेट

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, नौरू हे अवघ्या २१ चौरस किलोमीटरांचे बेट आहे. सर्वांत जवळचे बानाबा बेटही सुमारे ३०० किलोमीटर दूर. सिडनीच्या एका कचेरीत दाराला अटकाव म्हणून ठेवलेला येथील दगड अल्बर्ट एलिस यांनी तपासला, तो उंची फॉस्फेट निघाला! १९०७ पासून बेटाची भूमी जहाजांत भरून परक्या शेतांना खत म्हणून जाऊ लागली. १९६८ मध्ये नौरू स्वतंत्र झाले, १९७० मध्ये खाणीही हाती आल्या. मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत उभी राहिली. परंतु खाती ज्यास उत्पन्न म्हणत होती, ते वस्तुतः मुद्दलच होते. २००४ मध्ये कर्जापायी ती इमारत विकली गेली. आज बेटाच्या मध्यभागी प्रवाळखडकांचे उघडे सुळके उभे आहेत आणि वस्ती किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत राहते.