घराची पाटी आणि तिचा सातबारा



जमीन घ्यायची म्हटली की आपण आधी काय बघतो? सातबारा. नाव कुणाचे, बोजा किती, वाट कुठून, हे बघितल्याशिवाय आपल्यातला अडाण्यातला अडाणी माणूससुद्धा इसार देत नाही. एवढे शहाणपण आपल्या रक्तातच आहे. पण तेच शहाणपण मी घरी विसरून गेले, आणि त्यापायी पंचवीस हजार रुपये व एक अख्खा हंगाम घालवून बसले. ती हकिगत आज तुम्हाला सांगणार आहे. ज्यांनी घरात पाहुणे ठेवण्याचा जोडधंदा सुरू केला आहे किंवा करायचे मनात आहे, त्यांनी ती जरूर वाचावी.

आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर. थोडी नारळी-पोफळीची वाडी, वर कातळावर हापूसची कलमे. खाऊन-पिऊन सुखी होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले आणि सकाळी जी वाडी होती ती संध्याकाळी राहिली नाही. पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. सासूबाई ओटीवर बसून नुसत्या बघत होत्या. त्यांनी सून म्हणून आल्यापासून शिंपलेली ती झाडे होती. नवीन पोफळ लावली तरी हाती सुपारी यायला पाच-सात वर्षे जातात. तोवर खायचे काय, आणि लेकीच्या शिक्षणाचे काय?

तेव्हा आम्ही मागच्या पडवीला लागून असलेल्या दोन खोल्या नीट करून घेतल्या. घरातल्या मोकळ्या खोल्या पाहुण्यांना देण्याची ‘निवास व न्याहारी’ ही योजना आपल्याकडे जुनीच आहे, आणि २०२० मध्ये सरकारने कृषी पर्यटनाचे धोरणही आणले. गावातल्या एक-दोघांचे बरे चाललेले दिसत होते. आम्हीही पाटी लावली. सकाळी घावणे नाहीतर आंबोळी, दुपारी जेवण, सोलकढी, सांगितले तर उकडीचे मोदक. एकाने दुसऱ्याला सांगितले, असे करत पाहुणे येऊ लागले. पण ते दिवाळी, नाताळ आणि मे महिना एवढेच. मधले दिवस खोल्या रिकाम्या.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर शहरातला एक तरुण आमच्याकडे राहायला आला. बोलायला गोड. म्हणाला, “काकू, एवढं छान घर, आणि जगाला पत्ताच नाही! वेबसाइट करून देतो. पंचवीस हजारांत सगळं.” आमच्या ह्यांना ते काही पटले नाही. ते एवढेच म्हणाले, “वेबसाइट बघून का कुणी मोदक खायला येतो?” पण मीच हट्ट धरला. नवीन पोफळीच्या रोपांसाठी आणि वाडीच्या कुंपणासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. ते मी दिले.

साइट झाली, आणि दिसायला फारच देखणी झाली. लाटा हलत होत्या, मागे संगीत वाजत होते. फक्त त्यातला माड आमचा नव्हता आणि समुद्रही आमचा नव्हता. पुण्याकडचे एक कुटुंब आले, त्यांची लहान मुलगी उतरल्या उतरल्या विचारू लागली, “आजी, पोहायचा तलाव कुठाय?” तो तलाव कुठल्या परदेशी हॉटेलचा होता कोण जाणे! तिला आम्ही विहिरीवरच्या पंपाखाली आंघोळ घातली, ती खूश झाली. पण तिच्या वडिलांचा चेहरा मी अजून विसरले नाही. आपण खोटे बोललो नव्हतो, पण आपल्या दारावरची पाटी खोटे बोलत होती.

खरा घाव पुढेच होता. २०२३ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर साइट उघडेनाशी झाली. त्या तरुणाला फोन केले. आठवडाभर उचलला नाही. मग उचलला आणि म्हणाला, “नूतनीकरण करायचं राहिलंय. अठरा हजार भरा, म्हणजे सुरू होईल.” मी म्हटले, “अहो, नाव आमच्या घराचं आहे ना?” तो म्हणाला, “घराचं असेल. पण घेतलंय माझ्या खात्यावर.”

म्हणजे बघा, जमीन आमची, घाम आमचा, आणि सातबारा दुसऱ्याच्याच नावावर! साइटवरचा फोन नंबरसुद्धा त्याचाच होता. कोण किती पाहुणे विचारत होते हे आम्हाला कळायलाही मार्ग नव्हता. त्या नावाची दोनशे कार्डे छापून वाटायला ठेवली होती, ती तशीच राहिली.

ही गोष्ट मी ह्यांच्यापासून पंधरा दिवस लपवून ठेवली. माझ्याच हट्टाने पैसे गेले होते, सांगू कुठल्या तोंडाने? नाताळात एक खोली चार दिवस रिकामी राहिली तेव्हा त्यांनी कारण विचारले, आणि मला रडूच फुटले. मला वाटले होते, आता बोलणी खावी लागणार. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. विळा घेऊन वाडीत गेले. संध्याकाळी परत आल्यावर म्हणाले, “उतारा बघायचा राहिला तुझ्याकडून. पण मी तरी कुठं विचारला? नको म्हणालो आणि बाजूला झालो.” एवढेच. भगिनींनो, संसारात नुसते ‘मला पटत नाही’ म्हणून बाजूला होणे हेही काही बरे नसते, हे ते स्वतःच बोलले म्हणून मी इथे लिहिते आहे.

अठरा हजार आम्ही भरले नाहीत. २०२४ च्या मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली. चिपळूणला कॉलेजात शिकते, कॉम्प्युटरचे तिला कळते. ती म्हणाली, “मामी, रडत बसू नकोस. आपण दोघी मिळून करू. पण एक अट. कळ मी दाबणार नाही, तू दाबायचीस.” दुपारची जेवणे आटोपली की आम्ही दोघी ओटीवर बसत असू. त्या आठ-दहा दिवसांत जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट नावाची. साइटचे नाव वर्षावर्षाने भाडे भरून घ्यावे लागते. साधे ‘डॉट इन’ नाव वर्षाला हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमीत मिळते. पहिल्या वर्षी सवलत आणि पुढच्या वर्षी जास्त, असाही प्रकार असतो, म्हणून दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारावा. देवनागरी अक्षरांत ‘डॉट भारत’ असेही नाव २०१४ पासून मिळते. आम्ही सोपे इंग्रजी अक्षरांचे घेतले, कारण फोनवरून सांगायला बरे पडते. काम कुणाकडूनही करून घ्या, पण नावाचे खाते तुमच्या नावाने, तुमच्या ई-मेलवर, आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला पाहिजे. हाच तो सातबारा. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, आणि भाडे भरायची तारीख कालनिर्णयवर मांडून ठेवा.

दुसरी गोष्ट जागेची. साइट जिथे ठेवतात त्या जागेचेही भाडे असते. आपल्यासारख्या दोन खोल्यांच्या घराला एक-दोन पाने पुष्कळ झाली. त्यासाठी तयार साचे मिळतात, त्यात मजकूर आणि फोटो भरायचे. वर्षाला दोन-तीन हजारांत भागते. अगदी फुकटही मिळते, पण फुकटच्या जागेवर घर बांधताना विचार करावा. गूगलने धंद्याच्या नोंदीबरोबर फुकट साइट करून देण्याची सोय ठेवली होती, ती मार्च २०२४ मध्ये बंद केली. जे त्यावरच विसंबले होते त्यांना दुसरी सोय बघावी लागली. गूगलच्या नकाशावर आपल्या घराची नोंद करणे मात्र अजून फुकट आहे, आणि ती जरूर करावी. शहरातला माणूस आता रस्ता नकाशालाच विचारतो. आपण नेमक्या जागी खूण केली नाही, तर गाडी भलत्याच्याच गोठ्यात जाऊन उभी राहते.

तिसरी गोष्ट फोटोंची. फोटो आपल्याच घराचे. सकाळच्या कोवळ्या उन्हात, खोली झाडून, अंथरूण नीट करून काढलेले. मोरीचा आणि संडासाचा फोटोही हवा. येणारी बाई आधी तोच शोधते. मोबाइलवरचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला तर एसटीत बसून बघणाऱ्या माणसाला उघडतच नाही. तो लहान करून दोन-तीनशे केबीवर आणावा. हलत्या लाटा आणि संगीत नको. लाटा इथे आल्यावर ऐकता येतात.

चौथी गोष्ट मजकुराची. आधी मराठीत, खाली थोडक्यात इंग्रजीत. कसे यायचे ते लिहा. आम्ही ‘रेल्वेने खेडला उतरून एसटीने दापोली, आणि तिथून पुढे गावची गाडी’ असे लिहिले. दर लिहा, जेवणाचा वेगळा लिहा. पैसे आगाऊ घेत असाल तर पाहुणा न आल्यास किती परत देणार तेही लिहा. आणि उणे असेल ते आधी लिहा. आम्ही लिहिले, ‘पावसाळ्यात वीज जाते. समुद्रात पोहायला नेणार नाही. अंगणातून ओटीवर यायला दोन पायऱ्या आहेत, त्यांना कठडा नाही.’ सासूबाईंना हे रुचले नाही. म्हणाल्या, “अगो, आपल्या घराचं उणं आपणच सांगायचं?” मी म्हटले, “पोहायच्या तलावापेक्षा बरं, सासूबाई.”

पाचवी गोष्ट पैशांची. बुकिंग करून देणाऱ्या मोठ्या कंपन्या शंभरातले पंधरा आणि कधी त्याहून जास्त रुपये कापून घेतात. त्यांच्याकडे नाव घालू नये असे माझे म्हणणे नाही. नवा पाहुणा त्यांच्यामुळेही मिळतो. पण एकदा येऊन गेलेल्याने दुसऱ्यांदा सरळ आपल्यालाच फोन करावा, म्हणून आपली साइट हवी. आणि एक सावधगिरी. ‘मी मोठा अधिकारी आहे, दहा खोल्या हव्यात, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे फोन येतात. पक्के ध्यानात ठेवा, यूपीआयमध्ये पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

आमचा सगळा खर्च पहिल्या वर्षी चार हजारांच्या आत झाला. दोनशे वाया गेलेल्या कार्डांच्या पाठीवर सासूबाई वाण्याची यादी लिहितात. अजून संपलेली नाहीत.

साइटमुळे आमच्या दारात रांग लागली असे मी म्हणणार नाही. पहिले दोन महिने कुणी विचारलेही नाही. मग सप्टेंबरच्या शेवटी सांगलीहून एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “आईला समुद्र दाखवायचाय. ती ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत. तुम्ही पायऱ्यांचं लिहिलंय, म्हणून तुम्हालाच फोन केला. बाकी कुणी पायऱ्यांचं लिहीतच नाही.” मी म्हटले, “ताई, दोनच पायऱ्या आहेत, आम्ही हात देऊ.” त्या दिवाळीनंतर यायचे ठरवून बसल्या.

हे बोलणे ह्यांनी ओटीवरून ऐकले. काही बोलले नाहीत. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बघते तर वादळात पडलेल्या पोफळीचा राखून ठेवलेला वासा त्यांनी तासला होता, आणि पायऱ्यांच्या कडेला पक्का रोवून कठडा केला होता. त्याच कठड्याला धरून त्या आजी वर आल्या. चार दिवस राहिल्या. सासूबाईंशी त्यांचे असे जमले, की शेवटच्या दिवशी दोघी मिळून सुपाऱ्या कातरत बसल्या होत्या.

त्या गेल्यावर रात्री मी मोबाइल घेऊन बसले. भाची नव्हती, लेक झोपली होती. चुकत-माकत अर्धा तास लागला, पण ‘कठडा नाही’ ही ओळ मी माझ्या हाताने खोडली आणि तिथे लिहिले, ‘आता कठडा आहे.’ कुणाला फोन करावा लागला नाही, कुणाला पैसे द्यावे लागले नाहीत, कारण किल्ली माझ्याजवळ होती.

तेव्हा मंडळी, पाटी साधी असली तरी चालेल. पण ती खरी असावी आणि तिचा उतारा आपल्या नावाचा असावा, एवढे विसरू नका.