आरेतील पाने

12 जून 2024
पाऊस लागला. आरेच्या जंगलात शेवळं, पावसाळी रानभाजी, फुटली असतील. शाळा उघडायच्या आत तिथल्या आदिवासींच्या केलटीपाड्याला जाऊन यायला हवं.

14 जून
पाड्यातल्या आजी मुलांना रानभाज्या दाखवायला तयार आहेत. अट एकच, "मी बोलंन तवा बाई, तुमी मधी बोलायचं नाय." कबूल.
शाळेत मात्र प्रश्नच प्रश्न. साप, बिबट्या, पालकांच्या सह्या.

22 जून
पाचवीची मुलं. आजींच्या घरामागचा उतार. आजींनी शेवळ उपटलं नाही, बुडाशी कापलं. कंद मातीतच. जांभळट कोंब उलगडून आतला पिवळा भाग नखाने काढला. "यो राहिला तं घसा खाजंल." भाजीत काकडाच्या झाडाची आंबट फळं घालायची तीही त्याचसाठी. एकटं उगवलेलं शेवळ दिसलं. त्याला हात लावू दिला नाही.

23 जून
एका मुलाने विचारलं, मेट्रो कारशेडसाठी तोडलेली झाडं कुठे होती? ऑक्टोबर 2019. 2141 झाडं तोडून झाली, मग 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती. पाड्यातली माणसं तेव्हा रात्रभर रस्त्यावर. हे पुस्तकात नाही. सांगायचंच.

6 जुलै
पाड्यातली मुलगी वर्गात तोंड उघडत नाही. आज टाकळा, कुर्डू, फोडशी तिनेच ओळखून दिली. फोडशी गवतात गवतासारखीच, बुडाशी पांढरी. सगळे तिच्यामागे रांगेत.

25 जुलै
पहाटे विहार तलाव भरून वाहू लागला. ते पाणी मिठी नदीत जातं. उद्या 26 जुलै. 2005 साली मुंबईत त्या एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस. वर्गात नकाशा काढला: डोंगर, तलाव, नदी, आपली घरं.

18 ऑगस्ट
पाड्यात पुन्हा पुनर्वसनाची चर्चा. आजी चिडल्या होत्या. "बिल्डिंगीत शेवलं कुठं उगवंल?"
2020 मध्ये आरेतली 812 एकर जमीन राखीव वन करायचं जाहीर झालं. जंगल राखायचं आणि ते राखणारे उठवायचे, हे मला पटत नाही.

19 ऑगस्ट
वनहक्क कायदा, 2006. पुन्हा वाचला. खुणा केल्या. आजींच्या नातवाला दाखवायचा.

28 ऑक्टोबर
वाघबारस. पाड्यात वाघदेवाला, वाघोबाला, शेंदूर, नारळ. सुट्टी असूनही काही मुलं आईवडिलांना घेऊन आली. एका वडिलांनी विचारलं, बिबट्याला पकडून का नेत नाहीत? आजी म्हणाल्या, तो हितलाच. कचरा साठू देऊ नका. कचऱ्याला कुत्री येतात, कुत्र्यांमागं तो येतो. अंधारात पोरं एकटी सोडू नका.
त्या वडिलांनी आपल्या सोसायटीच्या कचऱ्याचं विचारायचं कबूल केलं.

29 ऑक्टोबर
दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक लिहिलं. शनिवार, परिसर अभ्यास, आजी. मानधनाचा अर्जही जोडला. शाल-श्रीफळावर भागवायचं नाही. शिकवतात, तर तासाचे पैसे मिळायलाच हवेत.